खुब्याच्या गाठी: आधी भिंत, जमीन नंतर

अगं, खुबा दुखतो म्हणून पहिल्याच दिवशी कुणाकडून रगडून घेऊ नकोस. मी घेतलं आणि ३ दिवस अंथरुणात काढले. फायब्रोमायल्जियात, म्हणजे या अंगभर दुखण्याच्या जुनाट आजारात, साधा दाबही मेंदूपर्यंत मोठा होऊन पोचतो. जोर केला की स्नायूची आखडलेली गाठ सुटायची सोडून चिडते.

आधी गरम पाण्याच्या पिशवीने १५-२० मिनिटं शेक, मध्ये पंचा ठेव. मग टेनिसचा चेंडू जुन्या मोज्यात घाल, म्हणजे निसटत नाही. जमिनीवर आडवं होऊन इतक्यात नको, आधी भिंतीला टेकून उभी राहा; चेंडू कुल्ल्याच्या मांसल भागावर, हाडावर नाही. गाठ सापडली की घासायचं नाही, नुसतं टेकून अर्धा मिनिट सावकाश श्वास सोडायचा. ‘गोड दुखतंय’ इतपतच. पायात मुंग्या आल्या तर लगेच बाजूला हो.

कुशीवर झोपताना गुडघ्यांमध्ये उशी घे. चालायला नाशिकच्या गोल्फ क्लबचा ट्रॅक सपाट आहे, १० मिनिटं पुरे; पांडवलेणीच्या पायऱ्या सध्या राहू देत. इथली डिसेंबरातली पहाट माझे खुबे आवळूनच टाकते, म्हणून मी ऊन वर आल्यावरच निघते.

पाय बधिर पडला किंवा दुखणं एकाच बाजूला वाढत गेलं, तर ते फायब्रोच्या माथी मारू नकोस, डॉक्टरांना दाखव.