चेंडू सर्वांत उंच बिंदूवर असताना वेग शून्य, मग त्वरण शून्य का नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी नववीत आहे, चेंडू सरळ वर फेकल्यावर सर्वांत उंच बिंदूवर त्याचा वेग आणि त्वरण (म्हणजे वेग बदलण्याचा दर) किती, असं पेपरात आलं होतं. तिने दोन्ही शून्य लिहिलं आणि त्वरणाचा मार्क गेला. त्या क्षणी चेंडू थांबलेलाच आहे तर त्वरण आलं कुठून, असं तिचं म्हणणं आहे आणि तुम्हालाही ते पटतंय.

मार्क गेला तो बरोबरच गेला. पण मी नववी-दहावीच्या शिकवण्या घेतो आणि सांगतो, ही शंका हुशार मुलांनाच जास्त येते. बाकीची सूत्र पाठ करून मोकळी होतात.

वेग शून्य होणं वेगळं आणि शून्यावर राहणं वेगळं. आकडेच घेऊ. चेंडू सेकंदाला ९.८ मीटर वेगाने वर फेकला, तर बरोबर एका सेकंदाने तो ४.९ मीटर उंचीवर, म्हणजे माथ्यावर पोचतो. पोचायच्या ०.१ सेकंद आधी त्याचा वेग वरच्या दिशेने ०.९८ असतो आणि ०.१ सेकंदानंतर खालच्या दिशेने तेवढाच. म्हणजे ०.२ सेकंदांत वेग १.९६ ने बदलला. भागून बघा, ९.८ येतात. आता ०.१ च्या जागी ०.०१ घ्या, ०.००१ घ्या, उत्तर हलत नाही. माथ्याला कितीही चिकटून मोजलं तरी वेग बदलण्याचा दर तोच. आणि समजा तिथे त्वरण खरंच शून्य झालं असतं, तर? वेग नाही आणि वेग बदलणारंही काही नाही. चेंडू तिथेच अधांतरी लटकून राहिला असता.

मोबाइलवर स्लो मोशनमध्ये शूटिंग करून बघा. सेकंदाला २४० फ्रेम घेणारा कॅमेरा असेल, तर माथ्यानंतरच्या पाच फ्रेममध्ये चेंडू जेमतेम २ मिलिमीटर खाली येतो. पडद्यावर तो चक्क थांबलेला दिसतो. त्यामुळे मुलीला वाटलं त्यात नवल नाही. पण त्या पाच फ्रेममध्येच त्याने सेकंदाला २० सेंटिमीटरचा वेग पकडलेला असतो.

याच्या शेजारी खरोखर थांबणारी वस्तू ठेवा, म्हणजे फरक कळेल. एसटी स्टँडवर येतेय, वेग ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर. ड्रायव्हरने ब्रेक दाबून पाच सेकंदांत थांबवली, तर त्वरण मागच्या दिशेने २ मीटर प्रति सेकंद वर्ग. गाडी थांबते त्या क्षणी मात्र हे २ एकदम शून्य होतात. म्हणूनच ब्रेक लागत असताना मागे रेलून तोल सांभाळणारे उभे प्रवासी गाडी थांबताक्षणी मागच्याच्या अंगावर जातात. मुरलेला ड्रायव्हर अगदी शेवटी ब्रेक थोडा सैल सोडतो तो हा धक्का बसू नये म्हणून. चेंडूला माथ्यावर असा काही धक्का बसत नाही, कारण त्याच्या त्वरणात तिथे काही बदलतच नाही.

असं का? गाडीला थांबवतं ते घर्षण, आणि ते फक्त गतीला विरोध करतं. चाकं थांबली की सपाट रस्त्यावर त्याचं काम संपलं. गुरुत्वाकर्षणाला चेंडू वर चाललाय, खाली येतोय की क्षणभर टेकलाय याच्याशी काही देणंघेणं नाही. ते खाली ओढतच राहतं.

यातली गंमत पुढेच आहे. हवेचा अडथळा धरला, तर वर जाताना चेंडूचं त्वरण ९.८ पेक्षा थोडं जास्त असतं आणि खाली येताना थोडं कमी. अडथळा वेगावर अवलंबून असतो, त्यामुळे वारा पडलेला असेल तर माथ्यावर तो शून्य होतो. म्हणजे अख्ख्या प्रवासात पुस्तकातला ९.८ हा आकडा जिथे सर्वांत चपखल बसतो, नेमकं तिथेच मुलीने शून्य लिहिलं!

आणखी एक घोटाळा मुलं हमखास करतात: वर जाताना त्वरण ऋण, खाली येताना धन. नाही. चिन्ह आपण कुठली दिशा धन मानतो त्यावर ठरतं आणि एकदा ठरलं की शेवटपर्यंत तेच. वरची दिशा धन धरली तर वर जाताना, माथ्यावर, खाली येताना, सगळीकडे उणे ९.८.

राहता राहिला 'स्थिर' कशाला म्हणायचं हा भाग. वेग शून्य हवा आणि काही काळ शून्यच राहायला हवा, म्हणजे त्या काळात त्वरणही शून्य. शिवाय कशाच्या संदर्भात, तेही सांगायला हवं. पुण्यात टेबलावर पडलेलं पुस्तक जमिनीच्या मानाने स्थिर आहे, पण पृथ्वीच्या अक्षाभोवती ताशी सुमारे १५८० किलोमीटर वेगाने फिरतंय. नववीत मात्र संदर्भ जमिनीचाच धरायचा.

पुढच्या वेळी तिला असं लिहू द्या: "सर्वांत उंच बिंदूवर चेंडूचा वेग शून्य असतो, त्वरण ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग, खालच्या दिशेने." दिशा विसरू नका म्हणावं, नाहीतर अर्धा मार्क तिथेही जातो.