वाचकांचे प्रश्न : बार्ज, तोरं आणि नांगर

प्रश्न : मांडवीत वर उसगावकडे खनिज भरून निघालेली बार्ज मुरगाव बंदरात पोचेपर्यंत थोडी वर येते, असं खलाशी सांगतात. वाटेत माल तर उतरत नाही, मग हे कसं?
(बेतीहून एक वाचक)

उत्तर : खलाशी बरोबर सांगतात. तरंगणारी वस्तू आपल्या वजनाइतकंच पाणी बाजूला सारते. गोडं पाणी घनमीटरला १००० किलो भरतं, समुद्राचं सुमारे १०२५. मालासकट बार्ज १५०० टनांची असेल तर गोड्या पाण्यात तिला १५०० घनमीटर पाणी सारावं लागतं, समुद्रात १४६३ पुरतं. ड्राफ्ट, म्हणजे बार्जचा पाण्याखाली बुडालेला भाग, ३ मीटर आणि बाजू उभ्या धरल्या तर फरक पडतो ७ सेंटिमीटरचा, म्हणजे जेमतेम चार बोटं. तोही पाऊस सरल्यावर, वरच्या अंगाला नदी गोडी असते तेव्हा. एप्रिल-मेमध्ये भरतीचं खारं पाणी बरंच आत चढलेलं असतं, फरक आकसतो. ड्राफ्टचे आकडे पुढचे आणि मागचे दोन्ही वाचावेत. नुसतं नाक उचललं तरी बार्ज वर आल्यासारखी वाटते. मुखाकडे येताना ती उलट खाली बसली असेल तर खारेपणाचा हिशेब राहू द्या, तळात पाणी शिरतंय का ते आधी बघा.

प्रश्न : चेपणीच्या तोरांचा, म्हणजे मिठाच्या पाण्यात दाबून ठेवलेल्या कैऱ्यांचा, खार आम्ही अंडं टाकून पारखतो. यंदा अंडं तरंगलं, तरी तोरं मऊ पडली आणि वरच्या थरावर बुरशी आली. पारखच चुकीची का?
(डिचोलीहून एक वाचक)

उत्तर : पारख चांगली आहे, अंडं शिळं असावं. ताज्या अंड्याची घनता पाण्याच्या १.०८ पटीच्या आसपास असते. खार तेवढा दाट व्हायला लिटरभर पाण्याला १२० ते १४० ग्रॅम मीठ लागतं. अंडं जुनं होतं तसं कवचातून पाणी उडतं, आतली हवेची पोकळी वाढते आणि ते बऱ्याच कमी मिठातही वर येतं. म्हणून आधी साध्या पाण्यात टाका. आडवं पडलं तर ताजं. टोकावर उभं राहिलं तर दुसरं घ्या.

उकळलेला खार पूर्ण निवल्यावरच पारखावा. गरम पाणी विरळ असतं, त्यात अंडं बुडतं आणि आपण उगाच मीठ वाढवत बसतो. अंडं मध्येच लोंबकळलं तर दाट खार तळाशी बसलाय. डाव तळापर्यंत नेऊन ढवळा. अंड्याची रुपयाएवढी टिकली पाण्यावर दिसली की थांबा. मिठागराचं जाडं मीठ कधी ओलसर, कधी कोरडं, त्यामुळे वाटीच्या मापापेक्षा हे अंडंच भरवशाचं.

वरच्या थराचं दुखणं मात्र वजनाचं दिसतं. साध्या पाण्यात जेमतेम तरंगणारी ५ किलो तोरं अशा खारात सुमारे ४०० ग्रॅमच्या जोराने वर ढकलली जातात. त्यांवर दगड ठेवला तर खार त्यालाही उचलतो : १ किलोचा काळा दगड बुडाल्यावर ६०० ग्रॅमच दाबतो. म्हणजे ५ किलोला पाऊण किलो अगदी काठावर, १ किलो बरा. जांभ्या चिऱ्याचा तुकडा नको. तो सच्छिद्र असतो, माती सोडतो. दगडाखाली बरणीच्या तोंडात बसेल अशी बशी उपडी घाला, नाहीतर कडेची तोरं निसटून वर येतात. उघडं पडलेलं एक तोर बुरशीला पुरे.

प्रश्न : बंदिस्त तळ्यात होडीतला लोखंडी नांगर पाण्यात सोडला तर तळ्याची पातळी वाढेल की घटेल? बादलीत वाटी तरंगवून तिच्यातला बटाटा पाण्यात टाकून पाहिला, पण पातळीची खूण हललीच नाही.
(काणकोणहून एक विद्यार्थी)

उत्तर : घटेल. होडीत असताना १० किलोचा नांगर १० लिटर पाणी सारतो, तळाशी गेल्यावर फक्त आपल्या आकारमानाएवढं, सुमारे १.३ लिटर. बादलीत वाटी तरंगवून, वाटीत बटाट्याऐवजी वजनाचं लोखंडी माप ठेवून बघा. बटाट्याने फरक इतका कमी पडतो की खूण हललेली दिसतच नाही.