जैसलमेरहून तनोटला जाताना गाडी गरम झाली तर काय करायचं?
तापमानाचा काटा वर चढायला लागला की आधी एसी बंद आणि हीटर फुल करा, हो हीटरच, घामाने आंघोळ होते पण इंजिनची उष्णता ब्लोअरमधून बाहेर पडते. तरी काटा उतरला नाही तर बाजूला घेऊन बंद करा, बॉनेट उघडा. रेडिएटरच्या झाकणाला मात्र लगेच हात लावू नका, मित्राने घाई केली आणि उकळतं पाणी मनगटावर, ट्रिप तिथेच संपली. चांगला अर्धा-पाऊण तास जाऊ द्या, रेडिएटरचा वरचा होज (रबरी नळी) कोमट लागला की फडकं धरून झाकण हळूच फिरवा. रामगढ गाव या १२० किमीच्या रस्त्यात साधारण निम्म्यावर येतं, तिथे कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) बघून घ्या, पुढे वस्ती विरळच. प्यायच्या पाण्याचा कॅन वेगळा ठेवा बरं का.