दोघांपैकी भाषा कुणी शिकायची?

प्रश्न : सर, मुलगी अकरावी सायन्सला आहे. परवा जेवताना गाझाच्या बातम्या चालू होत्या, ती एकदम म्हणाली, आई, तिकडची ज्यू आणि अरब पोरं लहानपणापासून एका शाळेत असती तर एवढं वैर राहिलं असतं का? मला उत्तर देता आलं नाही. शिक्षणानं खरंच काही फरक पडतो का?
– एक पालक, मिरज

उत्तर : ताई, लेकीनं नेमकं बोट ठेवलंय. आधी हे सांगा तिला की ती पोरं एका शाळेत नसतातच. इस्रायलच्या आतमध्येच साधारण २० टक्के लोक अरब आहेत, बरेचजण स्वतःला पॅलेस्टिनीच म्हणवतात, पण त्यांच्या शाळा अरबी माध्यमाच्या, ज्यूंच्या हिब्रू माध्यमाच्या, त्यात परत धार्मिक ज्यूंच्या वेगळ्या. वस्त्याच वेगळ्या त्यामुळं शाळाही वेगळ्या. वेस्ट बँक आणि गाझा या पॅलेस्टिनी भागांचं तर सगळंच निराळं, २००० सालापर्यंत वेस्ट बँकेत जॉर्डनची आणि गाझात इजिप्तची पुस्तकं चालायची, स्वतःची पुस्तकं नंतर आली. वेस्ट बँकेतल्या पोराला इस्रायली माणूस भेटतो तो बहुतेक चेकपोस्टवरचा बंदूकवाला सैनिकच. आणि गाझात ऑक्टोबर २०२३ पासून शाळा म्हणजे एकतर निर्वासितांचा आसरा नाहीतर ढिगारा, त्या पोरांबद्दल लिहिताना हात थांबतो हो.

मग ही पोरं भेटतात कुठं? इस्रायलमधल्या अरब पोरांचं म्हणाल तर बऱ्याचजणांना ज्यू वर्गमित्र पहिल्यांदा मिळतो तो थेट युनिव्हर्सिटीत. तिथं शिकवणं हिब्रूत. अरब पोरगी अठराव्या वर्षी येते, शेजारी बसलेला ज्यू पोरगा सैन्यात दोन-तीन वर्षं काढून आलेला, वयानं मोठा आणि भाषाही त्याच्या घरची. एका बाकावर बसले म्हणून दोघं सारखे झाले असं कसं म्हणायचं?

हे मला कळतं कारण मी तीस वर्षं ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवलं. उर्दू माध्यमातून दहावी केलेली पोरं यायची, त्यांना मराठी कळायचं, आमच्या मराठीवाल्यांना उर्दूचा गंध नाही, म्हणजे सांभाळून घ्यायचं नेहमी कुणी तर त्यांनीच. एक पोरगी जूनपासून गप्प होती. दिवाळीच्या आधी प्रॅक्टिकलला लेन्स हातात घेऊन पार्टनर म्हणाला, आम्ही याला भिंग म्हणायचो, तुम्ही काय म्हणायचा? ती म्हणाली, अदसा. त्यानं जर्नलच्या मागं लिहून घेतलं आणि पुढच्या तासाला स्टँडवर अदसा लाव असं म्हणाला, तेव्हा ती पहिल्यांदा हसली आणि त्यानंतर शंका विचारायला लागली. मी इतकी वर्षं शिकवत होतो पण हा प्रश्न मला कधी सुचला नव्हता, याची खंत आजही आहे.

तिकडं काही लोकांनी नेमकं हेच धरलंय. नेवे शालोम नावाचं गाव आहे, अरबीत वाहत अल-सलाम, ज्यू आणि अरब कुटुंबं ठरवून एकत्र राहतात, १९८४ ला त्यांनी दोन भाषांची शाळा काढली. १९९८ पासून जेरुसलेममध्येही तशी शाळा चालू आहे. वर्गात दोन बाई, एक ज्यू एक अरब, दोघी आपापल्या भाषेत बोलणार. तरी अडचण आहेच, शाळेबाहेर बँक, दवाखाना, नोकरी सगळं हिब्रूत, त्यामुळं अरब पोरं हिब्रू पटकन उचलतात, ज्यू पोरांची अरबी कच्ची राहते आणि मैदानावर खेळताना हिब्रूच चालते. वर २०१८ च्या कायद्यानं अरबीचा अधिकृत भाषेचा दर्जा काढला, मग ज्यू पोराच्या आईबापाला वाटणार ना, कशाला शिकायची. २०१४ मध्ये जेरुसलेमच्या त्या शाळेत पहिलीचा वर्ग जाळला होता. शाळा बंद पडली नाही.

इतिहासाचंही तसंच. १९४८ म्हणजे एकाला स्वातंत्र्ययुद्ध, दुसऱ्याला नकबा, म्हणजे महासंकट, ज्यात ७ लाखांच्या वर पॅलेस्टिनी घरादाराला मुकले. दान बार-ऑन हा इस्रायली आणि सामी अदवान हा पॅलेस्टिनी, या दोन प्राध्यापकांनी दोन्हीकडच्या शिक्षकांना घेऊन पुस्तिका केल्या, एका बाजूला यांचा इतिहास, दुसऱ्या बाजूला त्यांचा आणि मधला रकाना कोरा, विद्यार्थ्यानं लिहायचा. सरकारी मान्यता काही मिळाली नाही. माझ्या मते त्या कोऱ्या रकान्यालाच लोक घाबरले.

तर ताई, नुसत्या एका शाळेनं वैर गेलं असतं असं मी म्हणणार नाही, जमीन, ताबा, चेकपोस्ट, ओलीस, बॉम्ब हे शाळेच्या हातातलं नाही. पण कर्मवीर अण्णांनी १९२४ ला साताऱ्यात बोर्डिंग काढलं तिथं सगळ्या जातीधर्माची पोरं एकत्र राहायची, एका पंगतीला जेवायची, कामं वाटून करायची, पाहुणा कुणीच नव्हता. तिकडच्या अरब पोराला बहुतेक वेळा पाहुण्यासारखंच बसावं लागतं, हे लेकीला सांगा. आणि तिच्या बॅचमध्ये उर्दू माध्यमातून आलेलं कुणी असेल तर भिंगाचं सोडा, प्रकाशाला काय म्हणतात तेवढं विचारून यायला सांगा, मलाही कळवा.