पेनड्राइव्ह माउंट करताना ‘राँग एफएस टाइप’ का येतं?

तुमच्या गावातल्या सेवा केंद्रात विंडोजवर उघडणारा पेनड्राइव्ह उबंटूवर माउंट करताना (सिस्टीमला जोडताना) ‘राँग एफएस टाइप, बॅड सुपरब्लॉक’, म्हणजे फाइलसिस्टीमचा (फाईली मांडण्याच्या पद्धतीचा) प्रकार जुळत नाही, असा एरर देतोय, म्हणून तो फॉरमॅट करायला घेऊ नका. सातबाराच्या फाईली बहुतेक जाग्यावरच असतील.

‘-टी’ (प्रकार सांगणारा पर्याय) न देता ‘माउंट’ ही आज्ञा चालवली की ती पार्टिशन टेबलमध्ये (ड्राइव्हच्या भागांच्या नोंदीत) लिहिलेल्या प्रकारावर जात नाही. तिथला आकडा 7 असेल तर एनटीएफएसही असू शकतं आणि एक्सफॅटही (दोन्ही विंडोजच्या फाइलसिस्टीम), मग भरवसा कसला? माउंट वापरते ती ‘लिबब्लकआयडी’ लायब्ररी थेट पार्टिशनमधली खूण वाचते: लिनक्सच्या एक्स्ट4 ची 1080 व्या बाइटवर, एनटीएफएसचं नाव 3 ऱ्या बाइटपासून.

आधी ‘सुडो ब्लकआयडी -पी /डेव्ह/एसडीबी1’ चालवा. (एसडीबी1 च्या जागी तुमचं नाव, ‘एलएसबीएलके’ने दिसेल.) ‘अँबिव्हॅलंट’ (एकाहून जास्त प्रकारांच्या खुणा) आलं तर बहुतेक क्विक फॉरमॅटनंतर जुन्या फाइलसिस्टीमची खूण शिल्लक आहे. नुसतं ‘वाइपएफएस /डेव्ह/एसडीबी1’ यादी दाखवतं, पुसत नाही. त्यापुढे ‘-ए’ लावलात की सगळ्याच खुणा गेल्या! ड्राइव्ह एनटीएफएसचा असेल तर तूर्त ‘-टी एनटीएफएस3 -ओ आरओ’ असा प्रकार सांगून, फक्त वाचण्यासाठी माउंट करा नि फाईली उतरवून घ्या. एनटीएफएस3 या ड्रायव्हरला लिनक्सचा कर्नल (गाभा) 5.15 किंवा नंतरचा लागतो.

प्रकार बरोबर दिसूनही अडत असेल तर ‘डीमेसेज’च्या (कर्नलचे संदेश दाखवणाऱ्या आज्ञेच्या) शेवटच्या ओळी बघा. ‘डर्टी’ (नीट बंद न झालेला) असेल तर बहुतेक कॉपी चालू असताना लाइट गेली किंवा ड्राइव्ह तसाच ओढला. विंडोजवर ‘सीएचकेडीएसके /एफ’ (डिस्क तपासून दुरुस्त करणारी आज्ञा) चालवा.