वाचकांचे प्रश्न : घटना होती, न्यायालय नव्हतं

प्रश्न : ट्युनिशियात २०११ मध्ये लोकांनी हुकूमशहाला पळवून लावलं, नवी घटनाही केली. मग २०२१ मध्ये एकट्या राष्ट्राध्यक्षाला संसद बंद कशी करता आली?
– एक विद्यार्थी, खानापूर

उत्तर : घटना चांगलीच होती. ती २६ जानेवारी २०१४ रोजी २१६ पैकी २०० मतांनी मंजूर झाली, तेही दोन विरोधी नेत्यांच्या हत्यांनी देश हादरलेला असताना. कामगार महासंघ, उद्योजकांची संघटना, मानवी हक्क लीग आणि वकिलांची संघटना या चौघांनी मध्यस्थी करून पक्षांना एकत्र बसवलं.

त्या घटनेचं कलम ८० नीट वाचा. देशावर संकट आलं तर राष्ट्राध्यक्षाला विशेष अधिकार मिळतात, पण त्या काळात संसद चालूच राहते, ती बरखास्त करता येत नाही. तीस दिवसांनी सभापती किंवा ३० खासदार घटना न्यायालयात (घटनेचा अर्थ लावणाऱ्या खास न्यायालयात) जाऊन विचारू शकतात, की संकट अजून आहे का?

हे न्यायालय १२ जणांचं. चार जण संसदेने निवडायचे, चार राष्ट्राध्यक्षाने, चार न्यायिक परिषदेने, म्हणजे न्यायाधीशांच्या नेमणुका पाहणाऱ्या मंडळाने. मुदत होती २०१४ च्या निवडणुकीनंतर एक वर्ष. संसदेत प्रत्येक नावाला २१७ पैकी १४५ मतं लागत. पक्ष एकमेकांची नावं पाडत बसले आणि २०१८ मध्ये जेमतेम एक नाव मंजूर झालं. पुढे २०२१ मध्ये संसदेने अट १३१ मतांवर आणली, तेव्हा मुदत कधीच उलटली असं सांगून राष्ट्राध्यक्ष कैस सईद यांनी सही नाकारली. त्याच वर्षी २५ जुलैला त्यांनी कलम ८० चाच आधार घेऊन संसद गोठवली. महिना उलटला, पण दाद मागायची कुणाकडे? सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात रखडला म्हणून आपण वैतागतो, ते रास्तच आहे. ट्युनिशियाच्या खासदारांना दावा दाखल करायलाच जागा नव्हती. याचा दोष सईद यांच्याइतकाच सात वर्षं चालढकल करणाऱ्या पक्षांचाही आहे.

पुढचं भराभर झालं. २०२२ च्या फेब्रुवारीत न्यायिक परिषद बरखास्त, जूनमध्ये ५७ न्यायाधीश बडतर्फ, जुलैत नव्या घटनेवर सार्वमत. मतदान तीस टक्क्यांच्या आसपास.

प्रश्न : इजिप्तमध्ये तर घटना न्यायालय होतं. तिथे काय बिघडलं?
– एक शिक्षिका, निपाणी

उत्तर : तिथले न्यायाधीश मुबारक यांच्या, म्हणजे २०११ च्या उठावात गेलेल्या हुकूमशहाच्या काळातले होते. शिवाय ट्युनिशियाने २०११ मध्ये घटना लिहिण्यासाठी सभा निवडली. एन्नाहदा या इस्लामवादी पक्षाला २१७ पैकी ८९ जागा मिळाल्याने इतरांना सोबत घेणं भागच होतं. इजिप्तमध्ये मुबारक यांच्यानंतर सत्ता हाती घेतलेल्या लष्कराने घटनेआधी थेट संसदेची निवडणूक घेतली. एक तृतीयांश जागा अपक्षांच्या, त्यांवरही पक्षांनी उमेदवार दिले. जून २०१२ मध्ये न्यायालयाने तो निवडणूक कायदाच घटनाबाह्य ठरवला आणि कनिष्ठ सभागृह गेलं. त्यामुळे मुस्लिम ब्रदरहुड या इस्लामवादी संघटनेचे मोर्सी राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले तेव्हा ते सभागृहच नव्हतं. नोव्हेंबरमध्ये त्यांनी आपल्या निर्णयांना कोणत्याही न्यायालयात आव्हान देता येणार नाही असं फर्मान काढलं. ही घोडचूक होती. विरोधक रस्त्यावर उतरले आणि ३ जुलै २०१३ रोजी लष्कराने मोर्सींना हटवलं. या लष्कराचे स्वतःचे कारखाने आहेत, जमिनी आहेत. मोर्सींच्या काळात झालेल्या २०१२ च्या घटनेतही लष्कराच्या अंदाजपत्रकाची चर्चा संसदेऐवजी राष्ट्रीय संरक्षण परिषदेकडेच ठेवली होती.