एक मोठा सबवूफर की दोन मध्यम?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बोनसच्या रकमेत एक मोठा सबवूफर (बास, म्हणजे सगळ्यात खालचे सूर, वाजवणारा स्पीकर) येतो, किंवा तेवढ्यातच दोन मध्यम. दुकानदार म्हणतो, मोठाच घ्या, पुढे दुसरा हवा असला तर हप्त्यांवर देतो. खोली पाच मीटर लांब, मधोमध सोफ्यावर तिघं, मागच्या भिंतीला दोन खुर्च्या. अडीअडचणीची शिल्लक बाजूला काढून ठेवली आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणूनच पुढचं बोलतो.

हप्ते नकोत. घरी आणल्या दिवसापासून जिची किंमत उतरते, त्या वस्तूवर व्याज भरणं मला पटत नाही.

आता तुमच्या पत्रातलं एक वाक्य. मित्राचा सबवूफर चार दिवस लावून पाहिला, तेव्हा सोफ्यावर बास जाणवेना आणि खुर्च्यांवर नुसता घुमत होता. हा दोष खोलीचा आहे. पाच मीटर लांबीत साधारण ३४ हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ३४ कंपनांची, आवाजाची लाट दोन भिंतींमध्ये अडकते. भिंतीपाशी ती फुगते आणि बरोबर मध्यावर जवळजवळ नाहीशी होते. तुमचा सोफा नेमका तिथेच आहे. इक्वलायझरने, म्हणजे निवडक सुरांचा जोर कमी-जास्त करणाऱ्या सोयीने, तो खड्डा भरत नाही. १० डेसिबल चढवायला दहापट पॉवर लागते, आणि चढतो तो खुर्च्यांवरचा घुमारा. मोठा सबवूफर घेतलात तरी हेच होणार, फक्त जास्त जोरात. म्हणजे सगळा बोनस खर्चून तक्रार जागच्या जागी.

दोन सबवूफर समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर ठेवले, की एकाने उठवलेली ही लाट दुसरा दाबतो. हार्मन या ऑडिओ कंपनीच्या टॉड वेल्टी यांनी २००२ मध्ये हाच प्रश्न तपासला होता; चार भिंतींच्या मध्यावरचे चार उत्तम, पण समोरासमोरचे दोनही त्यांच्या बरेच जवळ जातात. तुम्ही एकटेच ऐकत असता, तर मी एकावरच थांबा म्हटलं असतं. पाच जण बसणार, म्हणून माझा कौल दोन मध्यमना.

तरी दोन्ही एकदम घेऊ नका. एक आत्ता रोखीने घ्या, दुसऱ्याचे पैसे लगेच काढता येतील अशा ठेवीत ठेवा. दोन मध्यम मिळून आवाजाचा जोर वाढतो, पण ते एकट्यापेक्षा खोल उतरत नाहीत. तेव्हा निवडलेला एकटाच पुरेसा खाली जातो का, ते दुकानात कान देऊन ऐका. घरी आणल्यावर तो आधी सोफ्यावर ठेवा, बासचा भरणा असलेलं गाणं लावा आणि भिंतीकडेने गुडघ्यांवर रांगत ऐका. जिथे बास समतोल ऐकू येतो, ती त्याची जागा. सोफाही अर्धा मीटर मागे सरकवून बघा. त्याला एक पैसाही लागत नाही.

दोन महिन्यांत पाचही जागांवर समाधान झालं, तर ठेव तुमचीच. नाही झालं, तर तेच मॉडेल दुसरं आणा. ते तोवर बाजारात राहील ना, हे मात्र पहिलं घेतानाच दुकानदाराला विचारून घ्या.